वरच्या खोलीतली वही

मैत्रिणींनो, दूधवाल्याचे खाडे, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस हे सगळं आपण कुठं लिहून ठेवतो? स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच ना! कालनिर्णय असो की महालक्ष्मी, चतुर्थी-एकादशी त्यात आपली असते. पण जानेवारी ते डिसेंबर ही जी चौकट आहे, ती एका पोपची आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला तर अजिबात नव्हतं. शाळेत ‘ग्रेगोरियन कॅलेंडर’ एवढं पाठ केलं होतं. हा ग्रेगोरी म्हणजे रोमचा तेरावा पोप ग्रेगोरी! जुन्या पंचांगात वर्ष अकरा मिनिटांनी लांब धरलेलं. शेकडो वर्षांत ती मिनिटं साचत गेली, दहा दिवसांचा घोळ झाला आणि ईस्टरचा सण कधी धरायचा याचा हिशेबच चुकायला लागला. म्हणून १५८२ साली त्यांनी सरळ दहा दिवस उडवून टाकले. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर उजाडला तो १५ ऑक्टोबरचा शुक्रवार. आणि नेमकी त्याच रात्री स्पेनमध्ये तेरेसा नावाची मोठी संत वारली. चार तारखेला गेली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंधरा तारखेला तिला पुरलं!

आता मी काही इतिहासाची बाई नाही. साधी बी.ए. झालेली, घर सांभाळून बचत गटाचं आणि वस्तीतल्या बायकांचं काम करणारी. हे सगळं मला कळलं ते आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या पोरीकडून. ती अकोल्याची. २०२४च्या जून-जुलैत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला अमरावतीला आली आणि आमच्याकडे भाड्यानं राहू लागली. आई तिकडे अकोल्यात नर्स आहे, वडील नाहीत. पोरगी कॅथलिक ख्रिश्चन. तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही, अमरावतीसारख्या गावात नाव लिहिलं की घर कळते!

तिच्याजवळ एक दोनशे पानी वही आहे. जर्नल नाही, प्रॅक्टिकलची नाही. तिच्या वर्गात ख्रिश्चन म्हणून ती एकटीच, त्यामुळं पहिल्या महिन्यापासून प्रश्नांचा नुसता भडिमार. “तुमी सारे चर्चमंदी दारू पेता म्हंते, खरं का वं?” “तुमचे फादर लग्न काहून नाही करत?” “कपाळाले राख काहून लावली आज?” काही उत्तरं तिला यायची, काही नाही. नाही आली की ती घरी फोन करायची, फादरना विचारायची, ग्रंथालयात शोधायची आणि वहीत लिहून ठेवायची. असं करता करता वही भरत गेली. मी ती तिची परवानगी घेऊन वाचली आणि खरं सांगते, दुपारची झोप विसरले.

दारूचं उत्तर पहिल्याच पानावर आहे. मिस्सा म्हणजे त्यांची पूजा. तिच्यात फादर द्राक्षारसाचा घोट घेतात. आपल्याकडे बहुतेक चर्चमध्ये लोकांच्या वाट्याला येते ती फक्त गव्हाची पातळ, कागदासारखी चकती. तिच्यात काय असतं? गव्हाचं पीठ आणि पाणी. बस्स! मीठ नाही, साखर नाही, खमीर तर चालतच नाही. तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून ती भाजतात. म्हणजे आपल्या पोळीचीच धाकटी बहीण म्हणा.

राखेचं तर मला फारच आवडलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी हे लोक झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. त्या झावळ्या टाकून देत नाहीत. पुढच्या वर्षीच्या उपवासाच्या सुरुवातीला, म्हणजे राखेच्या बुधवारी, त्याच जाळून त्यांची राख कपाळाला लावतात. मागच्या वर्षीचा जयजयकार यंदाची राख! आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. २०२४ साली होळीच्या पुढच्याच रविवारी, ३१ मार्चला ईस्टर होता आणि २०२५मध्ये हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांनी, २० एप्रिलला. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे त्यायचंही पौर्णिमेशिवाय भागत नाही तं!”

वहीत एक पान खास मी भरलेलं आहे. बी.ए.ला माझं मराठी वाङ्मय होतं, त्यामुळं ‘ख्रिस्तपुराण’ हे नाव माहीत होतं. फादर थॉमस स्टीफन्स, जातीनं इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं जवळपास अकरा हजार ओव्यांचं येशूचं पुराण रचलं. १६१६ साली ते रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत, कारण मराठीचे खिळे नव्हते. त्याच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलं म्हणून ते टिकलं. त्यात स्वर्गाला काय म्हटलंय? वैकुंठ! आमच्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं, त्याचा आम्हाला केवढा अभिमान. त्याच मराठीच्या अंगणात हा परदेशी माणूस ओव्या रचत बसला होता. पोरगी म्हणाली, “काकू, मला वर्गात म्हणतात तुमचा धर्म इंग्रजांनी आणला. अन् इथं तर इंग्रजालाच मराठी शिकावं लागलं!”

त्यापुढचं पान तिचं. पहिला भारतीय संत कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर भले भले अडखळतात. उत्तर आहे गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचा पोरगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. आधी व्यापार केला, मग साधू झाला, जपानमध्ये दुभाषी म्हणून गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला आणखी पंचवीस जणांसोबत क्रुसावर मारलं. १८६२ साली तो संत म्हणून जाहीर झाला. वसईजवळच्या गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. महाराष्ट्राच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत याला दोन ओळी मिळायला काय हरकत होती, असं मला आपलं वाटतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण ही वही गमतीसाठी सुरू झाली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगी गप्प गप्प दिसू लागली. गळ्यातली साखळी, तिच्यात बारीकसा क्रूस आहे, ती कॉलेजला जाताना काढून कंपासपेटीत ठेवायची. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. वर्गातली काही मुलं तिला तांदळाचं पोतं म्हणत होती. म्हणजे तांदळाच्या लालचीनं धर्म बदललेली! “तुमी कधी बाटले?” असं एकानं सरळच विचारलं. तिच्या घरात पणज्यापासून हाच धर्म आहे. आजोबा रेल्वेत, आई रात्रपाळीची नर्स. कुणी कुणाचं पोतं आणलं ते तिला कसं माहीत असणार? आणि समजा असलंच, भुकेच्या वेळी कुणी तांदूळ दिला असेल, तर लाज कुणाला वाटायला पाहिजे, खाणाऱ्याला की उपाशी ठेवणाऱ्याला? हे मी तिच्यापुढं बोलले नाही. पण वस्तीत काम करते, भूक काय असते ते पाहिलंय, म्हणून इथं लिहिते.

गल्लीतही कुजबुज होतीच. रविवारी दुपारी तिच्या दोघी-तिघी मैत्रिणी खोलीवर यायच्या, जपमाळ म्हणायच्या. एकोणसाठ मण्यांची असते त्यांची माळ, आपली एकशे आठची. आवाज खालीसुद्धा यायचा नाही. तरी शेजारच्या वहिनींनी मला फाटकात गाठून सांगितलं, “ताई, भाडेकरू पाहून ठेवत जा जरा. उद्या काही झालं तं नाव तुमचं येईन.” मी म्हटलं, माझ्या घरात गुरुवारी पोथी चालते, तिच्या खोलीत रविवारी माळ. भाडं पाच तारखेच्या आत, मीटरचं बिल वेळेवर. अजून काय पाहू? आमच्या ह्यांना थोडी धाकधूक होती, नाही म्हणत नाही. पण खोली सोड असं तिला या घरात कुणी म्हटलं नाही.

या वहिनींचीच एक गोष्ट सांगते. मागच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पोरीलाही बोलावलं. तिनं तिळगूळ घेतला, वाण घेतलं, कुंकवाला मात्र “काकू, राहू द्या” म्हणाली, मीही आग्रह केला नाही. वरच्या खोलीतून खुर्च्या आणायच्या होत्या म्हणून वहिनी तिच्यासोबत वर गेल्या आणि भिंतीवरच्या एका फोटोपुढं थबकल्या. काळासावळा माणूस, पांढरा झगा, त्यावर काळी शाल, आणि हातात चक्क झाडू! पायाशी एका ताटलीत कुत्रा, मांजर आणि उंदीर सोबत जेवताहेत. वहिनी खाली आल्या त्या हेच सांगत, “अवं माय, हे तं त्यायचे गाडगेबाबाच वाटून राह्यले!”

तो फोटो संत मार्टिन दी पोरेस यांचा. १५७९ साली पेरू देशातल्या लिमा शहरात जन्मलेले. बाप स्पॅनिश सरदार, आई गुलामीतून सुटलेली काळी स्त्री, दोघांचं लग्न नाही. पोरगा वर्णानं काळा म्हणून मठातल्या नियमानं त्याला पूर्ण साधू होता येत नव्हतं. मग तो नोकर म्हणून शिरला. झाडायचा, न्हाव्याचं काम करायचा, आजाऱ्यांची शुश्रूषा करायचा. उंदरांनी मठातले कपडे कुरतडले तेव्हा बाकीचे विष घालायला निघाले. यानं म्हणे उंदरांशी करार केला की तुम्ही बागेत राहा, जेवण मी आणून देतो. माणसाला कमी लेखणाऱ्या त्या काळात लोक याच झाडूवाल्याकडे रांग लावून यायचे. जायला १६३९ साल उजाडलं आणि संत म्हणून नाव लागायला थेट १९६२.

गाडगेबाबा तर आमचेच. शेंडगावचे, आमच्या जिल्ह्यातले. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं, अंगावर चिंध्यांचा झगा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. २० डिसेंबर १९५६ला गेले, समाधी इथं गाडगेनगरात आहे. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यामुळं पोरीच्या गुणपत्रिकेवर गाडगेबाबा आणि भिंतीवर मार्टिन! वहिनींनी त्या दिवसापासून बोलणं पार सोडलं असं समजू नका, अजूनही त्यांचा नाकाचा शेंडा मधूनमधून वर जातोच. पण रविवारी येणाऱ्या पोरींना त्या आता “बसा वं” म्हणतात.

आता गुणपत्रिकेचा विषय निघालाच आहे तर ती मोठी गोष्ट सांगायलाच हवी. मे २०२५मध्ये तिची दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा. बाहेर ४४-४५ डिग्री ऊन, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता जीव जाई. आणि त्याच दिवसांत रोममध्ये नव्या पोपची निवडणूक. ८ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास पोरगी मोबाईल घेऊन जिन्यावरून धावतच खाली आली, “काकू, पांढरा धूर निघाला!” निवड झाली की चिमणीतून पांढरा धूर, नाही झाली की काळा. त्या पांढऱ्या धुरात काय घालतात माहीत आहे? पोटॅशियम क्लोरेट, राळ आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर! रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असल्यानं तिला त्याचं फार कौतुक. पोप लिओ चौदावे निवडून आले. आणि तिनं वहीत आणखी एक ओळ टिपली होती. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा काढला तो ८ मे १९५५ला. बरोब्बर सत्तर वर्षं!

एवढा शुभ दिवस, पण गणिताचा पेपर काही शुभ गेला नाही. परीक्षेसाठी तिनं संत जोसेफ कुपर्तिनो यांना साकडं घातलं होतं. हे इटलीतले सतराव्या शतकातले साधू, अभ्यासात अगदीच मठ्ठ. त्यांना म्हणे एकच उतारा नीट येत होता आणि परीक्षकानं नेमका तोच विचारला. दुसऱ्या परीक्षेत पहिल्या काही जणांनी इतकी छान उत्तरं दिली की उरलेल्यांना न विचारताच पास केलं, त्यात हेही निघून गेले! म्हणून ते परीक्षार्थींचे कैवारी. पण आमच्या पोरीला तिला न येणारंच सगळं विचारलं. निकाल लागला, गणितात एटीकेटी.

त्या संध्याकाळी वर गेले तर त्या संताचा छोटा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. देवाशी असं रुसणं मी ओळखते. पाऊस लांबला की आपल्या खेड्यांत महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात, महादेवाला कोंडतात. कुणाच्या निकालासाठी आपण देव पाण्यात घालून बसतो. पोरीनं मग सांगितलं की पोर्तुगालमध्ये लग्न जमत नसलेल्या मुली संत अँथनीची मूर्ती उलटी करून पाण्यात ठेवतात, नवरा मिळेपर्यंत! हे अँथनी म्हणजे हरवलेलं शोधून देणारे संत. बघा, देव पाण्यात घालणाऱ्या बायका सगळीकडे आहेतच.

पण तिचं रुसणं फोटोपुरतं राहिलं नाही. तीन रविवार ती मिस्साला गेली नाही. जपमाळवाल्या मैत्रिणींनाही अभ्यासाचं कारण सांगून टाळलं. वही बंद. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या पोरीला तिच्या देवाकडे ढकलणारी मी कोण? फक्त तिच्या आईला फोन केला, पोरगी नीट जेवत नाही म्हणून.

चौथ्या रविवारी आई सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आली. रात्रपाळी करून, तशीच. डोळे लाल. रागावली नाही, उपदेश नाही. डब्यातली भाजी-पोळी ठेवली आणि म्हणाली, “चाल, जाऊन येऊ.” दोघी चर्चला गेल्या. परत आल्यावर पोरगी मला हळूच म्हणाली, “काकू, आई मिस्साला बसली अन् पाच मिनिटांत झोपली. पूर्ण वेळ झोपली. मी उठवलंच नाही. तिला त्याचं काहीच वाटत नाही, म्हणते देवाला माहीत आहे मी रात्रभर कुठं होती.” थोडं थांबून म्हणाली, “मी मात्र पास झाले नाही म्हणून तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाही.”

पुढच्या आठवड्यात वहीत एक पान वाढलं. फ्रान्समधली छोटी तेरेजा, लिझिएच्या मठातली, अवघ्या चोविसाव्या वर्षी १८९७ साली गेली. तीही प्रार्थनेत डुलक्या घ्यायची. तिचं म्हणणं असं की लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच लाडकी असतात, मग देवाला का नसावीत. त्या पानाखाली पोरीनं तारीख घातली आहे आणि पुढं फक्त ‘आई’ असं लिहिलंय.

७ सप्टेंबर २०२५ला दोन तरुण मुलं संत म्हणून जाहीर झाली, त्यांचीही नोंद आहे. एक कार्लो अकुटिस, पंधरा वर्षांचा, कॉम्प्युटरवेडा, २००६ साली रक्ताच्या कर्करोगानं गेला. असिसीला त्याचं शरीर जीन्स आणि बुटांमध्येच ठेवलंय. पोरीला तो आवडतो, तिच्याच पिढीतला वाटतो. मला मात्र दुसरा, पिएर जॉर्जियो फ्रासाती, जास्त भिडला. इटलीतल्या तुरीन शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या मालकाचा मुलगा. खाणकामगारांसाठी काही करावं म्हणून खाणीच्या इंजिनीअरिंगला गेला. अभ्यासात रखडायचा, डोंगर चढायचा, आणि खिशातले पैसे गरिबांना देऊन घरी पायी यायचा. जेवणाला उशीर झाला म्हणून बोलणी खायचा! १९२५ साली त्याला पोलिओ झाला. घरात आजी शेवटच्या घटका मोजत होती, सगळं लक्ष तिकडे. याचं दुखणं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हात लुळा पडत असताना त्यानं एका गरिबाच्या इंजेक्शनची आठवण कशीबशी चिठ्ठीवर लिहिली आणि ४ जुलैला गेला, चोविसाव्या वर्षी. अंत्ययात्रेला घराबाहेर शहरातले गोरगरीब दाटीवाटीनं उभे. आपला मुलगा रोज कुठं जायचा हे आईबापाला तेव्हा कळलं. मैत्रिणींनो, हे वाचल्यावर मी माझ्या लेकाला उगाचच फोन लावला.

गणित तिचं पुढच्या खेपेला सुटलं, साध्या मार्कांनी. कुपर्तिनोबाबांचा फोटो सरळ झाला आहे. तो निकालाच्या आधीच झाला होता, हे मी पाहिलंय. साखळी ती आता कधी घालते, कधी कंपासपेटीत ठेवते. पोतं म्हणणाऱ्यांपैकी एक जण तिच्याकडून प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवायला नेतो, बाकीच्यांचं चालूच आहे.

आणि वही? ती आता मागच्या बाजूनंही भरायला लागली आहे. तिकडे तिचे आपल्याबद्दलचे प्रश्न आहेत. झालं असं, की उपवासाच्या काळात शुक्रवारी त्यांना मटण चालत नाही, मासे चालतात. आणि व्हेनेझुएला देशात पाण्यात राहणारा, उंदराच्या जातीचा, डुकराएवढा एक प्राणी आहे, कॅपिबारा. तो पोहतो म्हणून त्याला माशात धरून तिथले लोक उपवासाच्या काळात खातात! हे ऐकून आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तेव्हा पोरगी शांतपणे म्हणाली, “काकू, मग तुमच्या एकादशीला भगर चालते अन् भात काहून नाही चालत? साबुदाणा तर परदेशातून आला, तो कसा चालतो?” मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “असं इचारू नाही.”

तिनं वहीत लिहून घेतलं : ‘भगर. उत्तर बाकी. आजीला परत विचारणे.’